पान तेवीस ते अठ्ठावन्न

प्राध्यापक मोराग गेलाटली यांची मी टायपिस्ट.
एकोणतीस वर्षं.
त्यांचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून पळालेल्या मुंग्या,
ते फक्त मला लागायचं.

डंडी शहरात तेव्हा निम्मी धुराडी पाडून झाली होती,
ताग यायचा थांबला होता,
गिरण्यांच्या खिडक्यांत कबुतरं कामाला लागली होती.
विद्यापीठात मोठ्या कवींवर बोलून
माणसं मोठी होत होती.
बाई मात्र सकाळच्या बसने लॉकीला जायच्या.
कुणी म्हातारी गेली की तिसऱ्या दिवशी दारात,
भंगारवाल्याच्या आधी.
कागद आहेत का हो काही? लिहिलेले?
लोक कोळशाची बिलं आणून द्यायचे.
बाई बिलंही उलटून बघायच्या.

बढतीच्या समितीने तीनदा विचारलं, ह्या बाया कोण?
बाईंनी तीनदा तेच सांगितलं:
कातणाऱ्या, विणणाऱ्या, गोण्या शिवणाऱ्या.
चौथ्यांदा अर्जच केला नाही.
म्हणाल्या, इना, तेवढ्या वेळात दोन वह्या उतरवून होतील.

जेसी पॅटुलोची वही मिळाली
त्या दिवशी मी सोबत होते, टेपरेकॉर्डर धरायला.
जेसी बाराव्या वर्षी मागावर लागली,
तिशीत कान गेले.
त्या खडखडाटात सगळ्याच बाया ओठ वाचायच्या,
हिला सवयच जडली, दिसेल त्याचे वाचायची.
मी टे नदीचे ओठ बघते, असं पहिल्याच पानावर आहे,
ती एकच शब्द म्हणते
आणि ते माझं नाव नाही.

बाईंनी पान उलटलं. मग आणखी.
बाविसाच्या पुढे एकदम एकोणसाठ.
मधे शिवणीचा दोरा, सैल.

जेसीची मुलगी नेटी, एकोणऐंशी वर्षांची,
हीटरकडे पाय करून बसलेली.
फाटली का हो?
जाळली. आईनेच.
त्या हिवाळ्यात गिरणी बंद, धाकट्याला खोकला.
कोळसा पेटवायला रोज रात्री एक कागद.
आणि जरा थांबून:
आधी वाचून दाखवायची. मग शेगडीत.
बाईंनी विचारलं, एखादी आठवते?
नेटी म्हणाली, ऊब आठवते.

टेपवर इथे बराच वेळ
फक्त हीटर ऐकू येतो.

पुस्तक छापायचं ठरलं तेव्हा बाईंनी हट्ट धरला,
ती पानं हवीत. कोरी. आकड्यांसकट.
ग्लासगोचे प्रकाशक टॉरन्स म्हणाले, बाई, कागदाला पैसे पडतात.
जेसीलाही पडले होते, बाई म्हणाल्या.
छत्तीस पानांवरून दोघांचा
वर्षभर छत्तीसचा आकडा.
शेवटी बाईंनी पेन्शनीतून कागद घेतला.

ती पानंही मीच टाइप केली.
कोरा कागद घालायचा, खाली आकडा मारायचा,
काढायचा. तेवीस. चोवीस. पंचवीस.
लेखनिकांच्या आयुष्यात याहून सोपं काम येत नाही,
आणि माझी बोटं चुकत होती.
एक्केचाळिसाच्या सुमारास मी भराभर उरकायला लागले
तर मागून बाई म्हणाल्या, सावकाश, इना.
रात्रीला एकच होता.

एकशे बारा प्रती खपल्या.
नऊ परत आल्या, छपाईत चूक आहे म्हणून.
नऊही जणांना बाईंनी हाताने पत्रं लिहिली,
अर्थात कुणाला ती लागली नसणार.

ग्रंथालयाच्या कार्डावर वहीच्या नावापुढे
कुणीतरी लिहिलं होतं, अवस्था: अपूर्ण.
निवृत्तीच्या आदल्या दिवशी बाई कोट घालून खाली गेल्या,
तो शब्द खोडला, आणि वर बारीक अक्षरात लिहिलं:
वापरलेली.

परत आलेल्यांतली एक प्रत माझ्याकडे आहे.
परवा काढली.
कोरी पानंही पिवळी पडलीत,
छापलेल्यांइतकीच.